पाचवीचा पेन

टोपण मी लावलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण चाळीस वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही, आणि आता लिहायला बसले तरी मन पळ काढतं. आधी आमच्या वरवट बकालबद्दल लिहावं, उत्तरेची सातपुड्याची रांग, विहिरीचं खारं पाणी, असं काहीबाही लिहीत बसावं आणि मुद्द्याला यायचंच नाही, असं वाटतं. म्हणून पहिल्याच ओळीत लिहून मोकळी झाले. माझ्या भावाच्या पाचवीला सटवाईसाठी ठेवलेल्या पेनाला टोपण मी लावलं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

ज्यांच्याकडे ही रीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडतात, कणकेचे दिवे लावतात आणि बाळाच्या उशाशी एक कोरा कागद आणि पेन ठेवतात. घर झोपलं की सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं सगळं आयुष्य लिहून जाते. किती शिकणार, पोटाला काय मिळणार, संसार कसा होणार, मरण कधी येणार. एकदा लिहिलं की तिलाही ते खोडता येत नाही म्हणतात. कागद-पेन ठेवायचा तो तिची सोय म्हणून. तिच्याकडे स्वतःचा पेन का नसतो, हा प्रश्न मी लहानपणी विचारला होता आणि आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला होता.

आमच्या घरी मात्र पाचवी बंद होती. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्यातले सगळे टाक टोपल्यात भरून नदीत सोडून दिले आणि परत येताना एकदाही मागं वळून पाहिलं नाही, हे बाबा फार अभिमानानं सांगायचे. त्यांना तो अभिमान शोभायचाही. ज्या देवांनी आपल्याला वेशीबाहेर ठेवलं त्यांना आपण घरात काऊन ठेवायचं, हा त्यांचा साधा सवाल होता. त्याचं उत्तर मला आजपर्यंत कुणी दिलेलं नाही.

बाबा गावचे पोस्टमन. आमच्या घराण्यात खिशाला पेन लावणारा पहिला माणूस. शाईचा पेन होता, स्टीलच्या टोपणाचा. निम्म्या गावाची पत्रं तेच वाचायचे आणि उत्तरंही तेच लिहायचे. घरात त्या पेनाचा एकच कायदा होता. उघडा दिसला की टोपण लावायचं. निब वाळली तर पाठीत धपाटा ठरलेला. इतर मुलांना घरी पहिल्यांदा अक्षर शिकवतात, मला बाबांनी पहिल्यांदा टोपण लावायला शिकवलं.

आई शाळेत गेली नव्हती. सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करायची. माझ्या पाठीवर तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही महिना भरायच्या आत गेली. बाबांनी दोष दिला दवाखान्याच्या अंतराला आणि पाण्याला. आईनं दोष दिला स्वतःला, कारण त्या दोघांची पाचवी पुजली नव्हती. हे ती बाबांना कधी बोलली नाही. मनात धरून बसली, आणि भाऊ झाला तेव्हा तिनं ठरवलं की यावेळी काही झालं तरी चुकवायचं नाही.

त्या दिवशी बाबा संग्रामपूरला गेले होते. दिवेलागणीला आईनं मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाली, "तुह्या वहीचं एक पान दे. बिनओळीचं. आन् बाबाले सांगू नोको." मी चित्रकलेच्या वहीचं पान फाडून दिलं. पेन तिनं कसा मिळवला ते मला माहीत आहे, कारण मी पाहत होते. बाबा सकाळी घाईत सदरा बदलून गेले होते आणि पेन जुन्या सदऱ्याच्या खिशातच राहिला होता. तिनं तो काढला, पदरानं पुसला आणि टोपण ओढलं. निघालं नाही. मग तिनं ते फिरवून पाहिलं, दातात धरलं आणि शेवटी निघालं. उघडा पेन तिनं कागदावर आडवा ठेवला, हात जोडले आणि मागच्या अंगणात पाणी तापवायला गेली.

मी बाळ बघायला आत आले. पेन उघडा दिसला. पुढचं सांगायला नको. टोपण लावलं, नीट दाबून लावलं, टक् असा आवाज येईपर्यंत, आणि आपण किती शहाण्या या आनंदात उड्या मारत बाहेर गेले.

रात्री दिव्याच्या उजेडात टोपण आईच्या लक्षात आलं नसावं. उशिरा परतलेले बाबा सकाळी पेन शोधायला लागले. सदऱ्यात नाही, कोनाड्यात नाही, आणि सापडला तो बाळाच्या उशाशी, कोऱ्या कागदावर. बाबा रागावतील म्हणून आईनं मान खाली घातली. पण बाबा रागावले नाहीत. हसले. पोट धरून हसले. "अवं, टोपण तं लावेलच हाय! तुही सटवाई लिहीन कशानं, बोटानं?"

आई म्हणाली, "मी उघडला होता."

"तुले पेन उघडता येते का?" बाबा म्हणाले आणि पुन्हा हसले. शेजारची काकू दूध घेऊन आली होती, तीही हसली. आणि मीही हसले. का हसले, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. सगळे हसत होते म्हणून हसले. मार चुकला म्हणून हसले. आईनं माझ्याकडे पाहिलं, मग पेनाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर शंका आली. आपण खरंच उघडला होता का, ही शंका. ती मी माझ्या डोळ्यांनी आलेली पाहिली.

बाबांचा हेतू वाईट नव्हता, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. बायकोच्या मनातली भीती त्यांना हसून उडवायची होती. ही गोष्ट ते पोस्टात सांगायचे, रविवारी विहारात वंदना झाली की सांगायचे, आणि शेवटी भावाला खांद्यावर उचलून म्हणायचे, "पाहा, या पोराचं कपाळ कोरं हाय. याच्यावर कोन्याच देवीनं काही लिहेल नाही. हा आपल्या हातानं लिहीन!" लोक टाळ्या वाजवायचे. भावाचं घरातलं नावच पडलं, कोऱ्या. आई चूल फुंकत ऐकायची. बाबांना त्यात मोकळेपण दिसायचं आणि तिला त्यात फक्त तिची चूक ऐकू यायची.

मग जे जे झालं ते सगळं आईनं त्या कोऱ्या कपाळाला नेऊन जोडलं. भाऊ उशिरा बोलायला लागला. दहावीला दोनदा बसला. सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला आणि सहा महिन्यांत कावीळ घेऊन परत आला. वायरिंग शिकला ते अर्धवट सोडलं. आता तुम्हीच सांगा, आमच्या तालुक्यात अशी किती पोरं असतील? घरटी एक तरी निघेल. त्यांच्या सगळ्यांच्या पाचवीला पेन बंद होता का? हे मी आईला सांगायची, चांगली तावातावानं सांगायची. मी शिक्षिका झाले होते, जळगाव जामोदला जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तावातावानं सांगणं हा माझा धंदाच झाला होता. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हाव बाई. पन त्याचं तं कोरंच राह्यलं ना."

इतकी वाक्यं मी तिला सांगितली. एक वाक्य सांगितलं नाही.

गावात पहिला टीव्ही आला तो सोसायटीच्या सचिवाच्या घरी. रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची आणि सगळी आळी त्यांच्या ओसरीत जाऊन बसायची. बाबा त्या वेळी मुद्दाम सायकल काढून बाहेर पडायचे. "नदीत सोडेल देव डब्यातून वापस आले," म्हणायचे. आई मात्र जायची. मला वाटायचं, तिला ते मुकुट, ते धूर, ते बाण बघायला आवडत असतील. एकदा परत येताना तिनं मला विचारलं, "त्या ऋषीनं शाप देल्ला. पन मंग उताराबी सांगतला ना त्यानं?" मी म्हटलं, हो, त्याला उःशाप म्हणतात, प्रत्येक शापाला असतोच. तिनं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. तेव्हा मला कळलं की ही बाई मालिका पाहत नाही, उतारा शोधतेय. कोणी दगड झालेला असो, कोणी साप झालेला असो, गोष्टीत त्याच्या सुटकेचं काहीतरी सांगितलेलं असायचंच. तिला तिच्या मुलाच्या सुटकेचं कुणी सांगत नव्हतं.

पुढं आमच्याही घरी टीव्ही आला आणि संध्याकाळच्या मालिका सुरू झाल्या. ऋषींची दाढी गेली, सासवांच्या भरजरी साड्या आल्या, बाकी शाप तेच होते. दवाखान्यात मुलं बदलली जायची, कुणीतरी वीस वर्षांनी खरं सांगायचं आणि सगळं घर रडायचं. आई तो सांगण्याचा भाग आला की स्वयंपाक सोडून पुढं येऊन बसायची. मी सुट्टीत आलेली असले तर उठून अंगणात जायची. मला ते बघवायचं नाही. मालिकेतली नटी सुद्धा वीस वर्षांनी सांगून टाकते, आणि मी बसलेय हातात चहाचा कप घेऊन.

का नाही सांगितलं? सुरुवातीला भीती होती. मग वाटलं, ही किती लहानशी गोष्ट, हसण्यावारी गेली, कशाला उकरायची. आणि मग एक दिवस लक्षात आलं की आता ती लहान राहिलेली नाही. वर माझ्याकडे एक फार सोयीचं उत्तर तयार होतं. सटवाई खोटी, तर टोपणाला काय अर्थ? उघडं काय आणि बंद काय. वर्गात मी मुलांना हेच शिकवते. पण खरं सांगू? माझी मुलगी झाली तेव्हा पाचव्या दिवशी मी टेबलावर एक पेन उघडा ठेवला होता. पूजा नाही, पाटा नाही, दिवा नाही. नुसता पेन. नवऱ्यानं विचारलं तर म्हटलं, हजेरीपत्रक लिहायचं होतं, राहिलं. बाळंतपणाच्या रजेवर कसलं हजेरीपत्रक! रात्री दोनदा उठून मी त्या पेनाला टोपण नाही ना, ते पाहून आले.

भावाचं लग्न झालं आणि दोन वर्षांत मोडलं. मुलगी चांगली होती, तिच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही. ती घर सोडून गेली त्या उन्हाळ्यात मी माहेरी होते. दुपारची वेळ, आई ओसरीत तूर निवडत होती, मी बाजूला बसून भेंडी चिरत होते. भाऊ बाहेरून आला, पाणी प्यायला, आणि एकदम फुटला. "तुनं एक पेन नाही उघडला आन् माह्या जिंदगीची माती केली! बाकीच्याच्या माया शिकेल होत्या का? त्यायनं नाही उघडले पेन?" आईचे हात सुपात फिरत राहिले, पण ती खडे टाकत होती की तूर टाकत होती, तिलाच कळत नव्हतं. माझी विळी चालू होती. मी एक भेंडी चिरली, दुसरी चिरली.

ते काही एकदाच झालं नाही. काम सुटलं की, ताप आला की, मनाविरुद्ध काही घडलं की तो तेच बोलायचा, आणि शांत झाला की तोच हसून स्वतःला कोऱ्या म्हणायचा. बाबा तोवर वारले होते. त्यांनी हसत सुरू केलेली गोष्ट घरात कुठवर जाऊन पोचली, ते त्यांनी पाहिलं नाही ते बरंच झालं.

मग भावानं एक जुनी काळीपिवळी जीप घेतली आणि वरवट, संग्रामपूर, जळगाव जामोद अशा प्रवाशांच्या फेऱ्या मारायला लागला. आमच्याकडे गाडी घेतली की मागं काहीतरी लिहून घ्यायची हौस असते. कुणी आईचा आशीर्वाद लिहितो, कुणी देवाचं नाव. यानं पेंटरकडून मोठ्या पिवळ्या अक्षरात लिहून घेतलं, 'कोरं कपाळ'. खाली दोन डोळे आणि वर रिकामं पांढरं कपाळ, असं चित्रही काढून घेतलं. लोकांना ते फार आवडलं. पोरं गाडीमागं उभं राहून फोटो काढायची, मोबाईलवर स्टेटस ठेवायची. आई पहिल्यांदा गाडीत बसायला निघाली तेव्हा मागच्या चित्रापाशी थांबली आणि मला म्हणाली, "काय लिहेल हाय व?" मी म्हटलं, "हॉर्न वाजवा." ती बरं म्हणाली आणि गाडीत चढली. ती शिकलेली नाही याचा मी दुसऱ्यांदा फायदा घेतला.

ही सगळी जुनी हकीकत. आता परवाच्या दिवाळीचं सांगते.

माझी मुलगी खामगावला कॉलेजात आहे. दिवाळीला आम्ही दोघी वरवटला गेलो. दुपारी जेवणं झाल्यावर ती आजीशेजारी भिंतीला टेकून मोबाईल बघत होती आणि खिदळत होती. आजीनं विचारलं, काय पाहू राह्यली? तर तिनं मोबाईल आजीपुढं धरला. एक खेळ होता. मोबाईल तोंडासमोर धरायचा, की पडद्यावर आपला चेहरा दिसतो आणि कपाळावर एक चौकट येते. चौकटीत शब्द भराभरा फिरतात आणि एक शब्द थांबतो. तो म्हणजे म्हणे तुमचं पुढचं आयुष्य. माझ्या मुलीच्या कपाळावर 'परदेश' आलं होतं. पुन्हा केलं तर 'तीन लग्नं'. ती हसून लोटपोट झाली.

आई हसली नाही. तिनं मोबाईल हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि नातीच्या कपाळावर शब्द फिरताना बघत राहिली. तिला शब्द वाचता येत नव्हते, पण काय चाललंय ते तिला आमच्या दोघींपेक्षा जास्त कळलं होतं.

"हे कोन लिहून राह्यलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही आजी. मोबाईलच लिहितो. टाईमपास आहे."

"कोनी तं लिहीतच असन," आई म्हणाली.

आजोबांनी देव नदीत सोडले, बाबांनी हसून हाकलले, मी वर्गात प्रयोग करून दाखवत राहिले, आणि ही बाई आपली पुन्हा कपाळाशी येऊन बसली होती. ज्या कुणी लांबच्या शहरात बसून हा खेळ बनवला त्याला सटवाई ठाऊक असायचं काही कारण नाही. पण माणसाचं पुढचं लिहायचं कुठं, तर कपाळावर, हे त्यालाही कुणी सांगावं लागलं नाही.

एवढ्यात भाऊ फेरी संपवून आला. आई एकदम सावरून बसली आणि नातीला म्हणाली, "मामाचं पाह्य. मामाचं लाव." भावानं आधी उडवून लावलं. "काय व आई, पोराटकीचे खेळ." पण तिनं हात धरून त्याला खाली बसवलं. तो बसला. मुलीनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. कपाळावर चौकट आली आणि फिरायला लागली. आई दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून पुढं वाकली होती. मी तिच्याकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

चौकट फिरत राहिली. थांबलीच नाही. मोबाईल अडकला होता. गावात दुपारी नेट असंच जातं, त्यात नवल काही नाही. मुलगी म्हणाली, "थांबा मामा, हँग झाला," आणि तिनं सगळं बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा चौकट आली, यावेळी फिरलीसुद्धा नाही. भावाच्या कपाळावर नुसता पांढरा चौकोन येऊन राहिला.

"पाह्यलं?" भाऊ हसला. "माहं इथंबी कोरंच."

तो हसण्यावारीच बोलला होता. पण आई उठली. गुडघ्यावर हात ठेवत, भिंत धरत उठली, आणि आपल्या पोटच्या पोरापुढं उभं राहून तिनं हात जोडले. "माफ कर बापा मले. माह्यानं चुकलं. मले मरायच्या आंधी माफ कर."

आईनं मुलापुढं हात जोडलेले मला बघवेनात. चाळीस वर्षांत जे तोंडातून निघालं नाही ते कसं निघालं मला माहीत नाही. मी ओरडलेच. "आई, तू उघडला होता पेन! दातानं उघडला होता. मी पाह्यला होता. टोपण मी लावलं. तू पानी तापवायले गेली तवा मी आत आली आन् मी लावलं!"

कितीतरी वर्षांनी मी माझ्या घरच्या बोलीत बोलत होते. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. भावाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मी आईचे जोडलेले हात सोडवले आणि सगळं सांगितलं. कागद, सदरा, उडी मारत बाहेर जाणं, सकाळचं हसणं. काही वगळलं नाही. रडत रडत सांगितलं, आणि सांगताना मला वाटलं की आता ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं.

आईनं माझं तोंड दोन्ही हातात धरलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण राग कुठंच नव्हता. तिनं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला आधी वाटलं, सुटले. मग ती म्हणाली, "मले कुठं पेन उघडता येते बाई?"

"आई, खरं सांगून राह्यली मी."

"मले बरं वाटावं म्हून तू अंगावर घेऊन राह्यली. समजत नाही का मले?" आणि ती माझ्या मुलीकडे वळली. "पाह्य, तुही माय कशी हाय. माह्यासाठी केवढं मोठं लबाड बोलली."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. दाताचं सांगितलं, टक् आवाजाचं सांगितलं. जितकं सांगावं तितकी ती जास्त हळवी होत गेली. शेवटी तिनं पदरानं माझे डोळे पुसले, चहा टाकते म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळानं मागच्या भिंतीवरून शेजारच्या काकूला सांगताना तिचा आवाज आला. आमच्या पोरीसारखी पोरगी कोणाच्या पोटी नाही म्हणत होती. आवाज हलका झालेला होता. इतक्या वर्षांत मी तिला इतकं हलकं बोलताना ऐकलं नव्हतं.

भाऊ केव्हा उठून गेला ते कळलं नाही. मी बाहेर आले तर तो काळीपिवळीच्या मागं उभा होता, पाठमोरा. मी जवळ जाऊन उभी राहिले.

"खरंच तू लावलं होतं ना?" त्यानं विचारलं. वळला नाही.

"हाव."

रस्त्यावरून आळीतली पोरं ओरडत गेली. मला वाटलं, आता हा चिडेल, शिव्या देईल, दे म्हणावं, मी ऐकून घेईन.

तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते, पण आवाज अगदी खाली होता.

"माहं जाऊ दे, ताई," तो म्हणाला. "मी इतके साल आईले बोलत राह्यलो. तू तिथंच बसेल राह्यची."